बरणीतली कँडी, गाळणीवरची लाख

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेतल्या अनेक स्वयंपाकघरांत ओट्यावर एक काचेची बरणी येऊन बसते. तिच्यात व्होडका असते आणि तळाशी मूठभर कँडी कॉर्न. टोकाला पांढरी, मधे केशरी आणि बुडाशी पिवळी अशी ही मऊ गोळी मक्याच्या टपोऱ्या दाण्यासारखी दिसते. अर्ध्या तासात दाण्यांच्या कडा बोथट होतात. केशरी रंगाचे बारीक धागे सुटून वर न चढता खाली उतरतात आणि तळाशी पाकासारखा दाट थर साचतो. संध्याकाळपर्यंत दाणे नाहीसे होतात आणि बरणी गढूळ, मधासारख्या वासाच्या केशरी पेयाने भरते. ते गाळलं की कापडावर एक चिकट, मेणचट साय उरते.

हॅलोविनच्या पार्टीसाठी कँडीचं कॉकटेल करणारे बहुतेक लोक ही साय खरवडून टाकून देतात. पण कँडी कशाची बनलेली असते, हे तिच्यातून जितकं उलगडतं तितकं पाकिटावरच्या बारीक अक्षरांतूनही उलगडत नाही. काय पेयात उतरलं आणि काय गाळणीवर राहिलं, हे ज्याला कळलं त्याचं कॉकटेल चांगलं होतं.

कँडी कॉर्न १८८०च्या दशकात फिलाडेल्फियामध्ये जन्मली. वंडर्ली कँडी कंपनीतल्या जॉर्ज रेनिंजर या कारागिराला तिचं श्रेय दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोलित्झ कंपनीने तिचं उत्पादन हाती घेतलं. हीच कंपनी पुढे जेली बेली या नावाने जगभर ओळखली गेली. अमेरिका तेव्हा शेतकऱ्यांचा देश होता आणि मका हे कोंबड्यांचं खाद्य. म्हणून या गोळीचं बाजारातलं जुनं नावही ‘चिकन फीड’, म्हणजे कोंबड्यांचा दाणा, आणि खोक्यावर चित्र कोंबड्याचं. त्या काळात तिचा हॅलोविनशी संबंध नव्हता. ती वर्षभर विकली जाणारी एक स्वस्त मिठाई होती.

ती बनवण्याचं काम अंगमेहनतीचं होतं. मोठ्या कढयांत साखर, मक्याचा पाक आणि पाणी आटवून त्याचा मऊ, पांढरट लगदा करायचा. लाकडी तबकांत मक्याचं पीठ पसरून त्यात दाण्याच्या आकाराचे खळगे उठवायचे. मग कामगार तापलेल्या मिठाईने भरलेल्या, सुमारे २० किलो वजनाच्या बादल्या घेऊन तबकांवरून उलट्या पावली चालत आणि प्रत्येक खळग्यात धार सोडत. तीन रंगांसाठी अशा तीन फेऱ्या. आज ओतण्याचं काम यंत्रं करतात, पण पिठाचे खळगे आणि तीन वेळा ओतणं तसंच आहे. अमेरिकी मिठाई उत्पादकांच्या संघटनेचा अंदाज असा की वर्षाला साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे १ कोटी ६० लाख किलो कँडी कॉर्न तयार होते.

हॅलोविन आणि कँडी ही जोडी मात्र वाटते तितकी जुनी नाही. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस, आणि त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. त्यात आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या साविन या हिवाळ्याच्या उंबरठ्यावरच्या जुन्या सणाच्या चालीरीती मिसळल्या. १८४०च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश माणसं अमेरिकेत आली आणि त्यांच्याबरोबर हा सणही आला. तिकडे सलगम कोरून दिवे करत. इकडे हाताला भोपळा लागला, जो मोठाही होता आणि कोरायला सोपाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दारोदार फिरणाऱ्या मुलांच्या पिशवीत सफरचंदं, अक्रोड, शेंगदाणे, घरचे लाडूसारखे पॉपकॉर्नचे गोळे किंवा एखादं नाणं पडे. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग झालं आणि ते १९४७मध्ये उठलं. त्यानंतरच्या दशकात उपनगरं वाढली, मुलं वाढली आणि कागदात गुंडाळलेली लहान कँडी कंपन्यांनी घराघरांत पोचवली. पिवळी-केशरी कँडी कॉर्न भोपळ्याच्या आणि सुगीच्या रंगाशी जुळत होती, त्यामुळे ती या सणाची खूणच झाली. मोठ्यांच्या पार्टीत ती पेल्यात उतरणं ही त्याची पुढची पायरी.

दारूत मिठाई विरघळवणं मात्र याहून जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘रॉक अँड राय’ हे पेय घरोघरी होतं. रॉक म्हणजे खडीसाखर आणि राय म्हणजे राय धान्याची व्हिस्की. बाटलीत खडीसाखरेचे खडे, लिंबू-संत्र्याच्या चकत्या आणि कधी मसाले घालून ठेवत, आणि खोकला झाला की चमचा-चमचा घेत. औषधाच्या दुकानांतही ते मिळे. आपल्याकडे खोकल्यावर खडीसाखर तोंडात धरायला सांगतात, ती तिथे व्हिस्कीत बुडाली होती एवढाच फरक.

फिनलंडमध्ये तर एका कँडीने देशाचं पेयच बदललं. तिथल्या लोकांना साल्मियाक्की ही काळी, खारट, ज्येष्ठमधाची गोळी जिवापाड आवडते. १९९०च्या दशकात तशा तिखट-खारट गोळ्या कुटून व्होडकेत घालायची लाट आली आणि कारखान्यांनी ते पेय तयार बाटलीतच आणलं. त्या गोळीचा खारटपणा मिठाचा नसून अमोनियम क्लोराइडचा असतो, म्हणजे मराठी वाचकाच्या ओळखीच्या नवसागराचा. महाराष्ट्रात नवसागर म्हटलं की कल्हई आठवते, नाहीतर गावाबाहेरची हातभट्टी. तिथे काळ्या गुळाच्या रसायनात तो यीस्टला नायट्रोजन पुरवायला टाकतात. फिनलंडमध्ये तोच क्षार चवीसाठी येतो, तोही अल्प मात्रेत.

आता पुन्हा ओट्यावरच्या बरणीकडे.

साध्या व्होडकेत ४० टक्के अल्कोहोल आणि बाकी जवळजवळ सगळं पाणी असतं. साखरेचं प्रेम पाण्यावर. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात तब्बल दोन किलो साखर विरघळते, तर शुद्ध अल्कोहोलमध्ये ती जवळपास विरघळतच नाही. उलट व्हॅनिला, दालचिनी, पेपरमिंट, संत्र्याच्या सालीचं तेल अशा वासांच्या रेणूंना अल्कोहोल जवळचं. व्होडकेत दोन्ही असल्यामुळे एकाच बरणीत दोन कामं चालतात: पाणी गोडवा ओढतं, अल्कोहोल सुगंध ओढतं. म्हणूनच ९० टक्क्यांहून कडक स्पिरिट इथे चालत नाही. त्यात साखर तळाशी तशीच बसून राहते, आणि पेय घशाला भाजतं ते वेगळंच.

कँडी कॉर्न भराभर का विरघळते, याचं उत्तर तिच्या घडणीत आहे. ती फाँडंट नावाच्या मिठाईच्या कुळातली. या कुळात साखरेचे अतिशय बारीक स्फटिक पाकात तरंगत असतात, जिभेला कणीही लागत नाही इतके बारीक. स्फटिक जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि विरघळणं सोपं. टणक गोळीचं तसं नाही. लॉलीपॉप किंवा दालचिनीची लाल गोळी म्हणजे साखरेची काच. पाक इतका आटवलेला असतो की त्यात एक-दोन टक्केच पाणी उरतं. ती फक्त बाहेरून झिजते, त्यामुळे आधी खलबत्त्यात कुटून घ्यावी लागते. पातळ रंगीत कवचाच्या गोळ्या, स्किटल्ससारख्या, फिरत्या भांड्यात पाकाचे थरावर थर चढवून बनवतात. संक्रांतीचा काटेरी हलवा परातीत ज्या तत्त्वावर घडतो, तेच हे तत्त्व. त्यांचा रंग क्षणात सुटतो, पण आतला चिकट गर पांढरा फेस करून वर येतो आणि पेय दोन-तीनदा गाळावं लागतं. गमी बेअर तर विरघळायला तयारच नसतात. त्यांच्यातलं जिलेटिन द्रव शोषून घेतं आणि अस्वल फुगून दुप्पट होतं.

चॉकलेट टाकलं तर वेगळाच प्रश्न. कोको बटर हे तूप आहे. ते ना पाण्यात विरघळतं ना ४० टक्के अल्कोहोलमध्ये. पीनट बटर भरलेल्या चॉकलेटच्या वाट्या हॅलोविनच्या टोपलीत सगळ्यात आधी संपतात, आणि त्यांची व्होडका करायची ती फ्रीझरच्या मदतीने. तुकडे किंचित कोमट व्होडकेत घोळवून काही तास ठेवायचे आणि मग बरणी फ्रीझरमध्ये टाकायची. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. ४० टक्क्यांची व्होडका त्याहून बरीच खाली, उणे २७च्या जवळ गोठते. तेव्हा व्होडका द्रवच राहते, वरती चरबीचा घट्ट थर जमतो आणि तो उचलून काढता येतो. वास मात्र पेयात राहतो. न्यूयॉर्कच्या पीडीटी या बारमध्ये डॉन ली यांनी २००७मध्ये बेकनच्या चरबीने बर्बन व्हिस्की अशीच सुवासिक केली आणि हे तंत्र बारच्या जगात रुजलं.

आणि गाळणीवरची साय? तिच्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. अनेक कँड्यांवर चमक यावी म्हणून कार्नौबा मेण लावतात. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गी झाडाच्या पानांवर हे मेण साचतं. ते ८० अंशांच्या वर तापवल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे थंड व्होडकेचा त्याच्यावर परिणाम होत नाही. दुसरी गोष्ट पाकिटावर ‘कन्फेक्शनर्स ग्लेझ’ या गोड नावाने लिहिलेली असते. ती म्हणजे लाख.

तीच लाख, जिची बांगडी होते, जिची मोहोर सरकारी लखोट्यावर बसते आणि जिच्या घरात पांडवांना जाळण्याचा बेत झाला होता. लाखेचा इवलासा किडा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांमधला रस शोषतो आणि अंगातून राळ सोडून स्वतःभोवती कवच बांधतो. ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून, पत्र्यासारखं पातळ ताणलं की चपडा तयार होतो. जगात लाख पिकवण्यात भारत आघाडीवर आहे आणि झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश ही त्यातली मोठी राज्यं. महाराष्ट्रात गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही ती निघते. रांचीजवळ नामकुम इथे १९२४पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. तेव्हा ओहायोतल्या एखाद्या बरणीतून निघालेल्या पापुद्र्याचा उगम पळसाच्या फांदीवर असू शकतो.

सुतार चपडा कडक स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. मग व्होडकेत लाख का विरघळत नाही? कारण व्होडकेतलं ६० टक्के पाणी. लाखेला जवळजवळ शुद्ध अल्कोहोल लागतं. पाणी वाढलं की ती बाहेर पडते, आणि पेय धूसर दिसण्यात तिचाही वाटा असतो. उरलेला धूसरपणा जिलेटिनचा. शाकाहारी घरांनी इथे थांबून पाकीट वाचायला हवं. बहुतेक कँडी कॉर्नमध्ये जिलेटिन असतं, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, आणि गाळून ते पूर्ण निघत नाही. जिलेटिनविरहित प्रकार मिळतात, ते निवडावेत. रंगांचंही लक्षात घेतलेलं बरं. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘रेड ३’ या कृत्रिम लाल रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी मागे घेतली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७पर्यंतची मुदत दिली. कँडी कॉर्नच्या केशरी छटेत हा रंग वर्षानुवर्षं वापरला जात होता.

प्रत्यक्ष कृतीला फार काही लागत नाही. साधारण १०० ग्रॅम कँडी कॉर्नला ३५० मिलिलिटर साधी, वास नसलेली व्होडका पुरते. महागडी व्होडका इथे वाया जाते. झाकण घट्ट लावून बरणी तीन-चार तास ठेवावी आणि मधूनमधून हलवावी, कारण साखरेचं जड पाणी तळाशी बसतं आणि वरची व्होडका कोरडीच राहते. रात्रभर ठेवून चवीत विशेष भर पडत नाही. आधी बारीक गाळणीतून आणि मग कॉफीच्या फिल्टर कागदातून किंवा ओल्या मलमलीतून गाळावं. दुसऱ्या गाळणीला वेळ लागतो. कागद दाबून घाई केली तर मेण पुन्हा पेयात उतरतं.

हाती जे येतं ते फसवं असतं. कँडी कॉर्नच्या वजनात तीन-चतुर्थांशाच्या आसपास साखर असते. विरघळलेल्या मिठाईने पेयाचं आकारमान वाढतं आणि ४० टक्क्यांची व्होडका साधारण ३४ टक्क्यांवर येते, पण जिभेला ती त्याहून कितीतरी सौम्य वाटते. नुसती प्यायली तर दुसऱ्या घोटाला गोडाची शिसारी येते. तिला आंबटपणा हवा. ६० मिलिलिटर गाळलेली व्होडका, २० मिलिलिटर ताजा लिंबाचा रस, ३० मिलिलिटर संत्र्याचा रस आणि अंगठ्याच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, हे प्रमाण जमून येतं. मिठाने गोडाचा चिकटपणा तुटतो, जसा शिऱ्यात चिमूटभर मिठाने तुटतो. शेकर बर्फाने भरून बारा-पंधरा सेकंद जोरात हलवावा. तेवढ्या वेळात बर्फ वितळून पेयात जवळपास पाव हिस्सा पाणी मिसळतं, आणि ते मिसळायलाच हवं. त्याविना पेय पाकासारखं लागतं.

तीन रंगांचे थर हवे असतील तर घनतेचा हिशेब कामाला येतो. सर्वांत गोड द्रव सर्वांत जड. अननसाचा रस साखर घालून आटवला तर तो तळाशी पिवळा बसतो. त्यावर चमच्याच्या पाठीवरून केशरी कॉकटेल हळूहळू सोडावं आणि वर हलकं फेटलेलं साय-क्रीम ठेवावं. क्रीममध्ये चरबी आणि हवा असल्यामुळे ते तरंगतं. मात्र लिंबाच्या संगतीत ते थोड्या वेळाने फाटतं, म्हणून असा पेला लगेच संपवावा.

ज्यांना दारू नको आहे त्यांच्यासाठी हीच कँडी गरम पाण्यात विरघळवून, गाळून, त्याचा पाक करता येतो. लिंबू आणि सोडा घातला की तोच रंग आणि तोच मधाचा वास. लहान मुलांच्या घरात हा पाक आणि ती व्होडका शेजारी-शेजारी कधीच ठेवू नयेत. कँडीच्या रंगाची, कँडीच्या वासाची बरणी मुलाला सरबतच वाटणार. तिच्यावर ठळक चिठ्ठी हवी आणि जागा उंचावरची, कुलुपातली. अमेरिकेत १९८४च्या कायद्यानंतर दारूसाठी किमान वय २१ झालं. महाराष्ट्रात व्होडका-व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी ते २५ आहे आणि परवानाही लागतो, तर गोव्यात २१.

हॅलोविनच्या पेल्यातून धूर निघावा ही हौस याहून धोक्याची. तो धूर कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि त्याचं तापमान उणे ७८ अंशांच्या खाली असतं. मार्च २०२४मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून कोरडा बर्फ दिला गेला आणि पाच जणांच्या तोंडातून रक्त आलं. द्रव नायट्रोजन त्याहूनही थंड. ऑक्टोबर २०१२मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर इथे अठराव्या वाढदिवशी असं कॉकटेल प्यायलेल्या मुलीचं जठर काढावं लागलं. धूर दिसायलाच हवा असेल तर कोरडा बर्फ बाहेरच्या मोठ्या भांड्यात ठेवावा आणि पेय आतल्या वेगळ्या भांड्यात. कोळशाच्या भुकटीने काळं केलेलं पेयही टाळलेलं चांगलं. ही भुकटी पोटात औषधं शोषून घेते, त्यामुळे रोजची गोळी घेणाऱ्याला त्या दिवसाचं औषध लागू पडेलच असं नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २०१८मध्ये उपाहारगृहांत तिला मनाई केली ती उगीच नव्हे.

२०२४मध्ये हॅलोविन आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी आली. ३१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मराठी घरांत सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी दारात कँडीची टोपली, असा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन होतं आणि न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी होती. तेव्हाच वसई आणि गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबं २ नोव्हेंबरच्या तयारीत होती. त्या दिवशी दफनभूमीत आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवून मेणबत्त्या लावतात.

१ नोव्हेंबरच्या सकाळी अमेरिकेतल्या दुकानांत उरलेली कँडी निम्म्या किमतीत विकायला निघते, आणि पुढच्या बरणीची सोय होते. गाळलेली व्होडका स्वच्छ बाटलीत, थंड जागी काही आठवडे छान टिकते. ढवळून वापरली की झालं. राहता राहिली चिकट झालेली गाळणी. साबणाने ती निघत नाही. तिच्यावर उकळतं पाणी ओतलं की कार्नौबा मेण वितळून सुटतं. मग कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून गाळणी त्यात बुडवून ठेवावी. लाख आम्लधर्मी असते, सोड्याच्या पाण्यात ती हळूहळू विरघळते आणि जाळीची भोकं पुन्हा मोकळी होतात.